ओल्या दगडाचा फोटो

पहाटेचे पावणेसहा. उजनीचं पाणी अजून काळंच आहे. पुण्याहून रात्री तीनला निघालो, सोलापूर रस्त्याने भिगवण गाठलं आणि होडीत बसलो. नेमकी जागा सांगणार नाही. गर्दी झाली, तर ज्याच्यासाठी आलो तेच इथून निघून जाईल.

ते म्हणजे ऊद, पाणमांजर. उदमांजर नव्हे हं! ते वाड्यांच्या माळ्यावर राहणारं वेगळंच जनावर. दोघांची गल्लत हमखास होते.

भिगवणला कॅमेरे येतात ते रोहित पक्ष्यांसाठी. मीही त्यातलाच, हातभर लेन्स घेऊन आलेला. पहिल्याच दिवशी संशोधक ताईंनी हातात सहा इंची पट्टी दिली. "विष्ठेशेजारी ठेवा आणि सरळ वरून फोटो घ्या. तुमची सावली पडू देऊ नका."

पडद्यावर दिसतेय ती हीच. ओली असताना काळी, चिकट. वाळली की पांढरट, आत नुसते चिलापीचे खवले. वास विचारू नका. ऊद ठरावीक जागीच विष्ठा टाकतं, त्यातून इतर उदांना निरोप जातो. शेजारी गाळात ठसा आहे. बोटं मोजा: पाच. कुत्र्याची चारच उमटतात.

हे पाणी आपल्या ओळखीचं आहे. रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते, आणि पुण्याने नदीत सोडलेलं सगळं खाली इथे येतं. त्यातच ऊद मासे धरतं.

दगडासमोर कॅमेरा ट्रॅप लावला. अकरा रात्रींत आली दोन कुत्री, एक बगळा आणि होडीवाल्या काकांची लुंगी. ठसे मात्र रोज ताजे! कोडं ताईंनी उलगडलं. हा कॅमेरा अंगाची ऊब हलली की चालू होतो. उदाची लव इतकी दाट, की आतली ऊब बाहेर येत नाही; पाण्यातून निघालेलं ऊद वरून पाण्याइतकंच गार. कॅमेऱ्याच्या लेखी तिथे कुणी नसतंच.

मग तो दर मिनिटाला आपोआप फोटो काढेल असा लावला. एकाच दगडाचे हजारो फोटो. डोळे शिणले.

आणि हा बघा. पाच बावन्न: दगड कोरडा. पाच त्रेपन्न: दगड ओला, उजव्या कोपऱ्यात चपट्या शेपटीचं टोक.

ताईंनी वहीत वेळ टिपली. काका स्क्रीनवर वाकले.

"एवढंच होय? परवा माझं जाळं फाडून समोर बसून खात होतं की!"