कॅप्टन जटारांचं विमान आणि काव साहेब
(मंडळाच्या मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं कापून. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.)

नमस्कार मंडळी, जेवणाच्या आधीचा शेवटचा स्लॉट मला दिलाय, म्हणजे कमिटीला माझ्याबद्दल काय वाटतं ते कळलंच! वीस मिनिटांत संपवतो, काकू, बटाटेवडे गार होणार नाहीत.

हेरखातं म्हटलं की आपल्याकडे बहिर्जी नाईक येतातच, मगाशी मुलांच्या नाटुकलीतही आले. मी मात्र आज एका सरकारी नोकराबद्दल बोलणार आहे, रामेश्वरनाथ काव. रॉ या भारताच्या परदेशी गुप्तचर संस्थेचे पहिले प्रमुख. जन्म 1918, बनारस, घराणं काश्मिरी पंडितांचं, शिक्षण लखनौ-अलाहाबादला, आणि एमए चक्क इंग्रजी साहित्यात. 1940 च्या सुमारास पोलिसात आणि 1947 ला इंटेलिजन्स ब्युरोत, म्हणजे देशांतर्गत गुप्तवार्ता बघणाऱ्या आयबीत. इथपर्यंत कुठल्याही अधिकाऱ्याचं असतं तसंच करिअर.

पण 1955 मध्ये एक भानगड झाली आणि तिच्यात आपली दोन माणसं आहेत. एअर इंडियाचं 'काश्मीर प्रिन्सेस' नावाचं विमान, चीन सरकारने इंडोनेशियातल्या बांडुंगच्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेसाठी भाड्याने घेतलेलं, 11 एप्रिलला हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघालं. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय त्यातून जाणार अशी हवा होती, पण ते चढलेच नाहीत. समुद्रावर सुमारे अठरा हजार फुटांवर स्फोट झाला, आग लागली, आणि कॅप्टन दामोदर जटारांनी त्या पेटलेल्या विमानाला कसंबसं समुद्रात उतरवायचा प्रयत्न केला. एअर होस्टेस ग्लोरिया बेरी शेवटपर्यंत लोकांना लाइफ जॅकेट वाटत होती म्हणे. 19 पैकी 16 जण गेले. वाचले तिघे, त्यात एक मेंटेनन्स इंजिनिअर अनंत कर्णिक. जटारांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. इथे किती जणांना हे नाव माहीत होतं? हात वर करा... बघा. मलाही शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

तर तपासाला भारताकडून गेले काव, तेव्हा वय 36. आता परिस्थिती बघा, विमान भारताचं, प्रवासी बहुतेक चीनचे, बॉम्ब ठेवला गेला ब्रिटिशांच्या हाँगकाँगात, अवशेष पडले इंडोनेशियाजवळ, आणि चीन बोट दाखवतोय तैवानच्या सत्ताधारी कुओमिंतांग पक्षाकडे आणि अमेरिकेकडे. चारही बाजूंना दुखऱ्या नसा. ब्रिटिशांना आपल्या विमानतळावरची ढिलाई कबूल करायची नव्हती, चिन्यांना ब्रिटिशांवर भरवसा नव्हता, आणि मधे हा एक तरुण भारतीय पोलिस अधिकारी, ज्याने दोघांशी बोलायचं आणि दोघांचाही विश्वास राखायचा. अवशेषांत टाइम बॉम्बचे भाग सापडले, अमेरिकन बनावटीचा डिटोनेटर होता. संशय गेला हाँगकाँगच्या विमानतळावरच्या एका सफाई कामगारावर, पण तो तोपर्यंत विमानाने तैवानला पळाला होता आणि तैवानने काही त्याला परत दिलं नाही. म्हणजे गुन्हेगार कळला पण हाती नाही आला. चाऊ एन-लाय मात्र कावांच्या कामावर खूश होते, त्यांनी त्यांना स्वतःची मोहर भेट दिली असं सांगतात.

माझं म्हणणं असं की पुढचं सगळं करिअर इथेच दिसतं. हा माणूस धाडसी कारवायांपेक्षा ऑफिस उभं करण्यात पटाईत होता. घाना 1957 ला स्वतंत्र झाला, तिथले नेते एन्क्रुमा यांच्यासाठी गुप्तचर यंत्रणा उभी करायला हेच गेले. 62 च्या युद्धाचा फटका बसल्यावर एव्हिएशन रिसर्च सेंटर, म्हणजे विमानातून टेहळणी करणारी संस्था, तेही यांच्याच हाताखाली. आणि 65 ला परत बाहेरची माहिती अपुरी पडली तेव्हा इंदिराबाईंनी परदेशी गुप्तवार्तेसाठी वेगळी संस्था काढायचं ठरवलं, 21 सप्टेंबर 1968 ला रॉ. सुरुवातीला साधारण अडीचशे माणसं, तीही आयबीतून उचललेली. सोबत उपप्रमुख के. शंकरन नायर. पुढे भरतीत ओळखीपाळखीची इतकी चर्चा झाली की लोक रॉला 'रिलेटिव्हज अँड असोसिएट्स विंग' म्हणायला लागले, ते काही अगदीच खोटं नव्हतं.

1971 चा एक किस्सा सांगतो, तोही त्यांच्या खात्यातल्यांनी सांगितलेला. पाकिस्तान 1 डिसेंबरच्या सुमारास हवाई हल्ला करणार अशी खबर रॉला मिळाली. हवाई दल सज्ज बसलं. एक तारीख गेली, दोन गेली, काही नाही. एअर चीफ मार्शल लाल म्हणाले की पायलटांना असं किती दिवस ताणून ठेवायचं? काव म्हणाले, आणखी एक दिवस थांबा. 3 तारखेला संध्याकाळी विमानं आली. कल्पना करा तो एक दिवस मागणं, चुकलं असतं तर सगळं खातं हास्यास्पद झालं असतं.

मात्र सगळंच यश नाही हां. डिसेंबर 1974 मध्ये काव स्वतः ढाक्याला जाऊन बांगलादेशचे नेते शेख मुजीब यांना सांगून आले की तुमच्याच लष्करातले काही लोक कट करतायत. मुजीब म्हणाले, ती माझी मुलं आहेत. 15 ऑगस्ट 1975 ला मुजीब आणि घरातले बहुतेक सगळे मारले गेले. दोन मुली परदेशात होत्या म्हणून वाचल्या. खबर बरोबर होती, ऐकणाऱ्याला पटली नाही, आणि अधिकाऱ्याच्या हातात त्यापुढे काहीच नसतं.

मग 1977. मोरारजीभाई पंतप्रधान झाले (हसू नका, संयुक्त महाराष्ट्राची मंडळी बसलीयेत इथे). त्यांना संशय होता की आणीबाणीत रॉचा वापर विरोधकांवर झाला. काव पदावरून गेले, बजेट आणि माणसं कापली गेली. मला यात मोरारजींची शंका पूर्ण चुकीची वाटत नाही, कारण ही संस्था संसदेच्या कायद्याने नाही, सरकारच्या आदेशाने उभी राहिली, तिला विचारणार कोण? पण कापाकापी केली ती विचारपूर्वक होती असंही मी म्हणणार नाही, तयार झालेली माणसं अशी सहज परत जमत नाहीत. इंदिराबाई परत आल्यावर काव सुरक्षेचे सल्लागार झाले आणि 1984 चं सगळं, ऑपरेशन ब्लू स्टार ते इंदिराबाईंची हत्या, त्यांच्या काळातच घडलं, त्याचाही हिशोब त्यांच्या खात्यावर मांडायलाच हवा.

आपल्याकडचा एक धागा सांगतो आणि थांबतो. हेमंत करकरे, महाराष्ट्र केडरचे, रॉमध्ये व्हिएन्नाला काही वर्षं होते, मग मुंबईत एटीएसचे प्रमुख. ते आपल्याला ठाऊक आहेत ते फक्त 26/11 मुळे. व्हिएन्नातल्या कामाचं आपल्याला काहीच माहीत नाही, आणि ते तसंच असायला हवं होतं.

स्लाइडवर कावांचा एकच फोटो का, असं मगाशी जोशीकाकांनी विचारलं. काका, फार मिळतच नाहीत हो, फोटो काढून घ्यायचा त्यांना कंटाळाच होता. चला, वडे.