रात्री दोनची नाडी

श्रोतेहो, नमस्कार.

अँजिओप्लास्टी होऊन माणूस दोन-तीन दिवसांत घरी येतो. हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, म्हणजे स्टेंट, जागेवर, रिपोर्ट चांगले. भेटायला येणारे 'आता काय, नवं इंजिन!' म्हणून चहा पिऊन जातात. रात्री दोनला मात्र तो मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजत बसलेला असतो. कूस बदलताना बरगडीत चमक निघालेली असते. ती बहुतेक वेळा स्नायूची. पण माणूस घाबरतो, घाबरला की नाडी पळते, आणि पळती नाडी हाताला लागली की आणखी घाबरतो. स्टेंटला यातलं काही कळत नाही.

१९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी सजगतेचे, म्हणजे आत्ता जे होतंय त्याकडे शांतपणे लक्ष देण्याचे, वर्ग सुरू केले. सुरुवात एका मनुकेपासून. ती बघायची, हुंगायची, मग सावकाश चावायची. आमच्या हृदयरुग्णांच्या वर्गात मी हे सांगितलं तेव्हा एक काका म्हणाले, "मनुका खायला शिकायचं या वयात?"

खरी परीक्षा नंतर. आडवं पडून पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं. छाती आली की लक्ष टुणकन उडी मारून खांद्यावर जातं! तिथेच थोडं थांबायचं. ही चमक, ही भीती, दोन्ही वेगवेगळ्या ओळखायच्या. श्वास येईल तसा येऊ द्यायचा, रोखायचा नाही. बायपासवाल्यांनी तर नाहीच. शस्त्रक्रियेत कापलेलं छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं, ते सांधायला दीड-दोन महिने तरी लागतात.

या सरावाने ब्लॉकेज, म्हणजे रक्तवाहिनीतला अडथळा, जात नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१७ मध्ये ध्यानाबद्दल जपूनच म्हटलं : फायदा संभवतो, पण नेहमीच्या उपचारांच्या जोडीला, पुरावा अजून भक्कम नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. आणि छातीवर दडपण, दरदरून घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी कळ असेल, तर डोळे मिटून बसू नका. १०८ लावा.

मनुकेवाल्या काकांना महिन्याभराने विचारलं, झोप कशी आहे?

"दोनला जाग येतेच हो. परवा ठोके मोजायला घेतले आणि बत्तिसाव्यालाच डोळा लागला."