पाणी घातलं, पण ओल कुठाय?

मंडळी, कोरड्या हवेत नव्या झाडांची ओल कशी टिकवायची, हे सांगायला मला बोलावलंय. उपाय सांगतोच. पण आधी एका उकरलेल्या रोपाची गोष्ट ऐका, ती माझ्या मनातून जात नाही.

एका संस्थेच्या आवारात आम्ही 200 रोपं लावली. रोज संध्याकाळी पाइपनं पाणी, त्यात खाडा नाही. तरी दुसऱ्या महिन्यात पानं कडेनं करपू लागली. संस्थेचं म्हणणं एकच: पाणी वाढवा. वाढवलं. रोपं जातच राहिली. मी म्हटलं, एक रोप उकरून बघू द्या. तर म्हणे नको, मोजणीत एक कमी भरेल! मला याचा आजही राग येतो. जगलेली मोजायची की नुसती उभी असलेली? शेवटी एक पार वाळलेलं रोप माझ्या वाट्याला आलं. खुरप्यानं बाजूची माती काढली. वर दोन बोटं चिखल, खाली खडखडीत. आणि मधली हुंडी, म्हणजे रोपाच्या पिशवीतून आलेला मुळांभोवतीचा गोळा, हातात घेतली, तर वाळक्या लाकडासारखी हलकी. चिमटीत धरली, भुगा झाला.

झालं होतं काय, की पिशवीतलं मिश्रण हलकं, पालापाचोळ्याचं, आणि भोवतालची माती चिकण. असं मिश्रण एकदा कडक वाळलं की पाणी पटकन घेत नाही. पाणी हुंडीच्या कडेनं निसटतं. मुळं मात्र अजून हुंडीतच, बाहेर पडलेलीच नाहीत. चिखलाच्या मधोमध रोप तहानेनं मेलं. उरलेल्या रोपांच्या हुंडीत आम्ही सळईनं भोकं पाडली आणि पाइप बारीक करून तासभर बुडाशी सोडला. त्यातली बरीच सावरली.

म्हणून माझा हट्ट आहे: पाणी घालण्याआधी माती विचारा. लाकडी काडी वीतभर खोल खुपसा, थोडं थांबा, बाहेर काढा. माती चिकटून आली तर आज पाणी नको. रोजचं घोटभर पाणी वरच्या थरात राहतं आणि उन्हानं उडून जातं. शिवाय मुळांना खाली जायचं कारणच उरत नाही. आठवड्यातून एकदा, पण खोलवर मुरेल असं द्या. अगदी नवं रोप असेल तर सुरुवातीचे काही आठवडे लवकर लवकर, तेही हुंडीवरच.

वेळ संपत आल्याची खूण मला दिसतेय, तेव्हा आता भरभर सांगतो.

आच्छादन. उघडी माती केशाकर्षणानं खालची ओल वर ओढते आणि हवेला देऊन टाकते. लाकडाचा चुरा, वाळकं गवत, पाला, काहीही 5 ते 10 सेंटीमीटर पसरा. आधी पाणी, मग आच्छादन. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी हवी, ढीग खोडाला टेकला की साल कुजते. आळ्यातलं गवत मुळासकट काढा, कोवळ्या रोपाचं पाणी तेच आधी पितं.

मडकं. बिनझिलईचं, तोंडावर झाकण, रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरलेलं. माती कोरडी झाली की मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढते, ओली असली की ओढणं मंदावतं. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात याची नोंद आहे. पाणी क्षारयुक्त असेल तर छिद्रं बुजतात, मडकं बदलावं लागतं. पाणी धरणाऱ्या जेलचंही तसंच, क्षारांच्या पाण्यात ते फार कमी फुगतं.

उतारावर आळं चढाच्या बाजूला उघडं ठेवा, म्हणजे वाहतं पाणी आत येईल. बुर्किना फासोच्या याकुबा सावाडोगोंनी खड्ड्यांत खत घालून पाऊस अडवला आणि उजाड जमिनीवर रान उभं केलं.

आणि एक राहिलं. दर वर्षी आळं रुंद करा, पाणी खोडाशी न देता कडेला द्या, कारण तोवर मुळं तिकडे पोचलेली असतात. काडी खुपसायची तीही तिथेच.