हातचं राखून सांगितलेलं जेवण

श्रोतेहो, नमस्कार.

काल दुपारी तुम्ही काय जेवलात? हे बहुधा चटकन आठवलं असेल. आता किती जेवलात ते सांगा. वाटी काठोकाठ होती की निम्मी? तेल किती चमचे पोटात गेलं? आणि जेवणं झाल्यावर, येता-जाता, तोंडात काय काय टाकलंत? इथे आपण अडखळतो. मीही अडखळतो. पण अमुक खाल्लं तर तमुक आजार होतो, असं सांगणाऱ्या संशोधनाचा मोठा भाग अशाच उत्तरांवर उभा आहे.

विचारण्याच्या रीती मुख्यतः तीन. मुलाखत घेणारा गेल्या २४ तासांचं खाणं विचारतो. किंवा छापील प्रश्नावली देतात: गेल्या वर्षभरात हा पदार्थ महिन्यातून किती वेळा खाल्लात? (वर्षभरात! मला गेल्या आठवड्याचं सांगता येणार नाही.) तिसरी रीत डायरीची, प्रत्येक पदार्थ तोलून लिहायचा. ही सगळ्यांत पक्की वाटते, पण लिहायचंय म्हटलं की माणूस जरा कमीच खातो, किंवा लिहायला सोपं तेवढंच खातो. म्हणजे नोंद खरी असली, तरी ती नेहमीच्या जेवणाची नसते.

माणसं कमी सांगतात, अशी शंका जुनीच. पण पकडायचं कसं? दिवसभर कुणाच्या ताटावर पहारा ठेवता येत नाही. यातून वाट निघाली ती पाण्यातून.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात नॅथन लिफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं, की उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन आणि शरीरातल्या पाण्यातला ऑक्सिजन यांची सतत देवाणघेवाण होत असते. त्यातून एक युक्ती निघाली. माणसाला असं पाणी पाजायचं, ज्यातल्या हायड्रोजनवरही खूण आहे आणि ऑक्सिजनवरही. खूण म्हणजे फक्त वजनाची: ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८ हे त्यांचे जड भाऊ, किरणोत्सारी नव्हेत. जड हायड्रोजन लघवी-घामावाटे, म्हणजे पाण्याच्याच रूपात बाहेर पडतो. जड ऑक्सिजन पाण्यावाटेही जातो आणि श्वासावाटेही. म्हणून तो लवकर संपतो. दोघांच्या संपण्याच्या वेगातला फरक काढला, की माणसाने किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते कळतं, आणि त्यावरून किती ऊर्जा जाळली ते. माणूस आपल्या घरी, आपल्या कामात. फक्त आठवडा-दोन आठवडे अधूनमधून लघवीचा नमुना द्यायचा. वजन स्थिर असेल, तर जेवढं जाळलं तेवढंच खाल्लं असणार. ऑक्सिजन-१८ महाग, त्यामुळे ही पद्धत बरीच वर्षं लहान प्राण्यांपुरती राहिली. माणसांवरचं पहिलं काम डेल शेलर यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलं.

मग हिशेब जुळेनासे झाले. १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी अशी दहा माणसं तपासली, जी म्हणत होती, आम्ही दिवसाला १२०० कॅलरींपेक्षाही कमी खातो, तरी वजन हलत नाही. त्यांच्या शरीराची भट्टी मंद असेल, असा एक अंदाज होता. भट्टी ठीक निघाली. खाणं मात्र सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. त्यांना खोटारडं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ती मदत मागायलाच आली होती. आपण स्वतःशीसुद्धा हातचं राखून बोलतो, एवढंच.

हे दहा जणांपुरतंही राहिलं नाही. मेरीलँडमध्ये ४८४ स्त्री-पुरुषांवर झालेल्या अभ्यासात, २४ तासांच्या मुलाखतीत पुरुषांनी ऊर्जा १२ ते १४ टक्के कमी सांगितली, स्त्रियांनी १६ ते २०. प्रश्नावलीत तर दोघांचीही तूट तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गेली.

आता कुणी म्हणेल, सगळेच थोडं कमी सांगत असतील तर सगळ्यांत तेवढं मिळवून टाका. काटा सारखाच मागे असता, तर तेच केलं असतं. पण वजन जास्त असलेली माणसं सरासरीने अधिक कमी सांगतात. शिवाय सगळे पदार्थ सारखे गळत नाहीत. प्रथिनांची पडताळणी लघवीतल्या नायट्रोजनवरून होते, आणि तिथे तूट ऊर्जेपेक्षा कमी दिसते. म्हणजे गळतं ते बहुधा दुसरंच: जेवणाची ताटं आठवतात, मधलं-अधलं चरणं आठवत नाही. अशा तिरक्या मापाने दहा जण मोजा की दहा लाख, तिरकेपणा तसाच राहतो. उलट आकडा मोठा झाला की चूक अधिक ठाम आवाजात बोलते.

२०१५ साली काही संशोधकांनी स्पष्ट लिहिलं, की अशा सांगोवांगीवरून ऊर्जा मोजणं बंद करा. दुसऱ्या गटाचं उत्तर होतं: कॅलरींसाठी नको हे मान्य, पण आहाराचा ढाचा त्यातून कळतो. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. रोज फळं खाणारा आणि कधीच न खाणारा, हा भेद वेड्यावाकड्या मापातही दिसतो. फक्त त्याच प्रश्नावलीवरून कुणी १०० कॅलरींच्या फरकावर निष्कर्ष काढला, तर मी तो बाजूला ठेवीन.

विचारण्याची पद्धतही सुधारली आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याची मुलाखत पाच फेऱ्यांची असते. आधी आठवेल ते भराभर सांगायचं. दुसऱ्या फेरीत हमखास विसरल्या जाणाऱ्या पदार्थांची यादी विचारतात: पेयं, गोड, चटकमटक. मग वेळा, मग मापं आणि तपशील. ५२४ जणांवर पाण्याच्या पद्धतीने ती पडताळली, तेव्हा एकूण तूट ११ टक्के निघाली. वजन बेताचं असलेल्यांत तर ३ टक्क्यांहून कमी. सगळं सांगून झाल्यावर पाचव्या फेरीत पुन्हा विचारतात, "आणखी काही?" आणि तेव्हाही कुणाला ना कुणाला काहीतरी आठवतंच.

नमस्कार.