फौजी वडिलांचं काम लिहून ठेवताना

श्रोतेहो, नमस्कार.

घरातला माजी सैनिक गेला की दहाव्याच्या आत कुणीतरी चार ओळी लिहून मागतं. मग ‘देशसेवा केली, शिस्तप्रिय होते, मनमिळाऊ होते’ असं लिहून होतं. चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर गेलेल्या माणसाचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे चेहरे ताटाएवढे! असो. पण वडील फौजेत नेमकं काय काम करत होते, ते त्या चार ओळींत कुठेच नसतं. आज बोलायचंय ते त्या कामाबद्दल.

काम कसं सांगावं याचं एक उदाहरण देतो. कारवार तालुक्यातल्या चेंडिया गावचे राम राघोबा राणे. 1940 साली बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. एप्रिल 1948 मध्ये ते 37 असॉल्ट फील्ड कंपनीत सेकंड लेफ्टनंट होते. काश्मीरची लढाई चालू होती, आणि फौजेला नौशेराहून राजौरी गाठायची होती. शत्रूनं रस्त्यात सुरुंग पेरले होते आणि चिडाची मोठमोठी झाडं आडवी पाडली होती. रस्ता मोकळा झाल्याशिवाय रणगाडे पुढे जाणार नाहीत, आणि तो मोकळा करणं हे सॅपरचं, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर जवानाचं काम.

8 एप्रिलला बारवाली रिज या डोंगरधारेजवळ काम सुरू करताच तोफगोळे पडू लागले. राण्यांचे दोन जवान ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. तरी ते मागे गेले नाहीत.

आता नीट ऐका. वरून गोळीबार चालू असताना उघड्यावर उभं राहून सुरुंग शोधता येत नाहीत. रणगाड्याचा ड्रायव्हर झाकण बंद करून आत बसलेला. त्याला समोरच्या फटीतून दिसेल तेवढंच दिसतं, पट्ट्याखाली काय येतंय ते कळत नाही. हाक मारावी तर इंजिनच्या आवाजात ऐकू जात नाही. राण्यांनी काय केलं? ते रणगाड्याखाली शिरले. तिथे धड हातभर उंची नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टे फिरतायत, आणि हा जखमी माणूस रणगाड्याच्या चालीनं खालून सरपटतोय. इशाऱ्याला दोन दोऱ्या. दोन दोऱ्या, बस्स! त्या ओढून ड्रायव्हरला सांगायचं, आता चल, आता थांब. असा तो रणगाडा सुरुंगांमधून पुढे काढला.

पुढे झाडांचे अडथळे आले. ती झाडं स्फोटकांनी उडवायची, बाजूला सारायची, की पुढचा अडथळा. 11 तारखेपर्यंत हेच चाललं होतं. 12 एप्रिलला राजौरी हाती आली. राण्यांना परमवीर चक्र मिळालं. 1968 साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि 1994 साली पुण्यात वारले. शौर्याची ही सगळी गोष्ट म्हणजे सुरुंग, झाडं, रस्ता आणि दोन दोऱ्या. आपल्याकडे शौर्य म्हटलं की लोकांना फक्त बंदूक आठवते. खरं तर पहाटे तीनला हजार माणसांचा चहा उकळणाऱ्या लंगरातल्या कुकवरही कुणीतरी लिहायला हवं.

तर तुमच्या वडिलांचं काम शोधायचं कुठे? पहिल्यांदा त्यांचं डिस्चार्ज बुक काढा. त्यात नंबर, रँक, ट्रेड, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, पदकं, सगळं असतं. ट्रेड आधी बघा. गनर, ड्रायव्हर, सिग्नलमन, क्लार्क, जो असेल तो. मग पदकं बघा. सैन्य सेवा पदकाच्या फितीवर धातूची पट्टी असते, तिच्यावर मुलूख लिहिलेला असतो: जम्मू-काश्मीर, नेफा (म्हणजे आजचा अरुणाचल), हिमालय. ‘पूर्वी स्टार’ नावाचं पदक असेल तर 1971 च्या युद्धात ते पूर्व आघाडीवर, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेला. आणि गोल पदक आडवं धरून त्याची कड वाचा. तिथे सहसा नंबर आणि नाव कोरलेलं असतं.

म्हणूनच चिंच नको, पितळ घासायची पावडर नको. पदकं घासू नका! दर 26 जानेवारीला घासलं की कडेवरची अक्षरं झिजतात, आणि पदक कुणाचं हे सांगणारं तेवढंच असतं. रबर बँडही नको, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळा.

डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका. ते प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही आणि उष्णतेनं जुनी शाई फिकट होते. स्टेपलच्या पिना काढा, त्या गंजून कागद खातात. फोटोच्या मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीनं, बॉलपेननं वळ उमटतो.

डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर वडिलांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. बॉम्बे इंजिनिअर्सचं खडकीला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला. पत्रात पहिल्याच ओळीत नंबर, रँक, नाव. नंबर नसेल तर शोध फार अवघड होतो. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर तो मिळेल, नाहीतर पदकाच्या कडेवर.

कागदांचंच आणखी एक. आईची कुटुंब पेन्शन अडते ती बहुतेक वेळा नावामुळे. फौजेच्या नोंदीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दुरुस्ती वडील असतानाच पार्ट टू ऑर्डरनं, म्हणजे फौजेच्या नोंदी बदलणाऱ्या आदेशानं, करून घेतलेली बरी. राहून गेली असेल तर मृत्यूचा दाखला, पीपीओ आणि लग्नाचा पुरावा घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. वडील गेल्याचं बँकेलाही लगेच कळवा. त्यांच्या नावावर जादा जमा झालेली पेन्शन पुढे आईच्या पेन्शनमधून वळती होते.