बिलावरचा स्थिर आकार म्हणजे फिक्स्ड खर्च नव्हे

मघाशी एका ताईंनी विचारलं की सर, फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगळं करायचं म्हणजे काय, लाइट बिलावर तर छापूनच येतं ना, स्थिर आकार वेगळा आणि वीज आकार वेगळा. तिथेच तर सगळे फसतात हो. बिलावरचं नाव सोडा, माल वाढला की खर्च वाढतो का तेवढं बघा, वाढला तर व्हेरिएबल, तसाच राहिला तर फिक्स्ड. कांडपाला एक किलो मिरची आली नाही तरी ट्यूब, पंखा चालतोच ना, ती वीज पडते वीज आकारात पण वागते फिक्स्डसारखी.

मग काढायचं कसं? मसाला कांडपाचंच घेऊ, उन्हाळ्यात रांग आणि पावसाळ्यात डंका, म्हणजे कुटायचं मशीन, नुसता उभा. समजा एप्रिलला 3,000 किलो कांडप झालं, बिल 14,500. जुलैला 800 किलो, बिल 5,700. फरक 2,200 किलोचा आणि 8,800 रुपयांचा, म्हणजे किलोमागे 4 रुपये. 3,000 किलोचे 12,000 वजा केले की उरले 2,500, हा तुमचा फिक्स्ड. जुलैवरून करून बघा, तिथेही 2,500 च येतात. याला हाय-लो मेथड म्हणतात.

पण महिने निवडताना सगळ्यात मोठं बिल बघायचं नाही, सगळ्यात जास्त किलो बघायचे, कारण मोठ्या बिलात मागची थकबाकी असू शकते, ती आधी वजा करा. आणि मीटरचं रीडिंग 12 तारखेला होत असेल तर वहीतले किलो पण 12 ते 12 च धरा, 1 ते 30 धरले की सगळं गणित बोंबललं. जमलं तर बारा महिन्यांचे ठिपके ग्राफ पेपरवर मांडा, एखादा विचित्र महिना लगेच डोळ्यात येतो. आणि दुसरा डंका बसवला, मंजूर भार वाढवला की हे 2,500 विसरा, नव्याने काढा.

आता हे का करायचं ते सांगतो, कारण माझ्या ओळखीत एकीने याच्यामुळे ऑर्डर घालवली आणि मला आजही त्याचं वाईट वाटतं. साधारण असेच आकडे होते. भाडं आणि मदतनिसाचा पगार मिळून 18,000, वर विजेचे 2,500, म्हणजे 20,500 भागिले पावसाळी महिन्याचे 800 किलो, झाले किलोला साधारण साडेपंचवीस. त्यात वीज 4, किलोवरची मजुरी 10, पिशवी 2. हिशोब आला साडेएकेचाळीस. ऐन पावसाळ्यात एक खानावळवाला 500 किलो घेऊन आला, 25 देतो म्हणाला, आणि हिने तोटा होतो म्हणून परत पाठवला. अहो पण त्या 500 किलोचा जादा खर्च किलोला 4, 10 आणि 2 मिळून 16 रुपयेच होता! किलोला 9 सुटले असते, 4,500 रुपये, भाडं तर तसंही द्यायचंच होतं.

हां, तोच माणूस एप्रिलला 25 म्हणाला तर सरळ नाही म्हणा, तेव्हा डंका रिकामा नसतो, त्याचं काम घ्यायला 40 देणारं गिऱ्हाईक परत पाठवावं लागेल.