हौद्यातली बाहुली

(पहाट. कोल्हापुरातली जुनी तालीम. एकच दिवा.)

ताक, हळद, लिंबू, तेल पाजून मऊ केलेली तांबडी माती. हौद्यात दोन पोरं एकमेकांच्या मानेला झोंबलीत. गर्दनखेच चाललीय. काठावरून वस्ताद ओरडतात, "जोर लाव की लेका!"

(कॅमेरा एका पोराच्या डोळ्याजवळ.)

जोर लागतो मानेत, दंडात, मांड्यांत. पण त्याच वेळी डोळ्याची बाहुलीही मोठी होते. दिवा तोच, उजेड तेवढाच, तरीही.

नुसत्या नजरेला हे सहसा कळत नाही. आपली बुबुळं गडद तपकिरी, त्यात बाहुली काळी. काळ्यात काळं शोधायचं कुठं? डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात मात्र तपकिरी बुबुळ फिकट दिसतं आणि बाहुली उठून येते. म्हणून प्रयोगशाळेत तसले कॅमेरे वापरतात. तिथं माती नसते; माणसाला खुर्चीत बसवून पकड मोजणारं यंत्र आवळायला देतात. मूठ जितकी घट्ट, बाहुली तितकी रुंद. फरक असतो मिलिमीटरच्या काही अंशांचा.

बुबुळात दोन स्नायू असतात. एक बाहुलीभोवती कड्यासारखा, तो आवळतो. दुसरा सायकलच्या आऱ्यांसारखा, तो बाहेर ओढतो. आवळणाऱ्याला परानुकंपी चेतासंस्था हाकते, ओढणाऱ्याला अनुकंपी. कष्टात छाती धडधडवणारी, घाम फोडणारी ती हीच. जोर लावला की मेंदू हिला चेतवतो आणि आवळणाऱ्या स्नायूवरची पकड ढिली करतो.

या अनुकंपी मज्जातंतूंची वाट मात्र भलतीच वळणाची. मेंदूतून निघालेला निरोप पाठीच्या कण्यातून छातीच्या वरच्या भागापर्यंत उतरतो, फुप्फुसाच्या शेंड्यावरून वळतो, पुन्हा मानेत चढतो, तिथल्या धमनीला लगटून कवटीत शिरतो, तेव्हा कुठं डोळ्यात पोचतो. रंकाळ्यावरून अंबाबाईला निघायचं आणि वाटेत जोतिबा करून यायचं, असला प्रकार! ही वाट कुठं तुटली, तर त्या बाजूची बाहुली बारीक राहते, पापणीही थोडी उतरते. डॉक्टर त्याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात.

(दृश्य बदलतं. दुपारचं, कुस्त्यांचं खासबाग मैदान, रिकामं.)

शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या या मैदानावर उन्हात बाहुलीचा हा खेळ दिसायचा नाही. लख्ख उजेडात बाहुली २ मिलिमीटरपर्यंत आकसते, अंधारात ८ पर्यंत पसरते. उजेडापुढं जोराचं फारसं चालत नाही.

(पुन्हा तालीम.)

जोड बदलते. दोन नवी पोरं हौद्यात उतरतात, चिमूटभर माती कपाळाला लावतात.